संस्थापकाचे स्मरण : हबर्ड-चरित्राची एक चिकित्सा

प्रिय नेत्याचे निधन झाले म्हणजे त्याच्या अनुयायांवर दोन कामे येऊन पडतात. एक शोक करण्याचे व दुसरे स्मरण करण्याचे. वरवर पाहता ही दोन्ही एकच भासतात. परंतु ती एक नाहीत. शोक करताना समाज मान्य करतो की, जो होता तो आता आपल्यात नाही. स्मरण करताना तो ठरवतो की, जो नाही त्याचे काय आपण जपून ठेवावे. पहिले काम टाळून दुसऱ्याला हात घातला असता त्या स्मरणाचे काय होते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. त्यासाठी आम्ही सायंटॉलॉजी या अमेरिकन पंथाचे संस्थापक एल. रॉन हबर्ड यांचे उदाहरण निवडले आहे.

हे उदाहरण का निवडले, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. हा पंथ आपल्या परिसरात फारसा परिचित नाही, व त्याच्या मतांचे खंडन करण्याचा आमचा हेतूही नाही. परंतु धर्मसंस्थापकांच्या चरित्रांचा अभ्यास करणाऱ्यास येथे एक दुर्मीळ सोय लाभते. प्राचीन काळच्या संस्थापकांविषयी भक्तांची साक्ष तेवढी उरते. बाजूचे कागद काळाने गिळलेले असतात. हबर्ड यांचे आयुष्य मात्र विसाव्या शतकात गेले. विद्यापीठाच्या नोंदी, आरमाराचे दप्तर, विवाहाचे दाखले, न्यायालयांचे निकाल, हे सर्व उपलब्ध आहे. त्यामुळे भक्तांच्या आठवणीतील पुरुष आणि कागदपत्रांतील पुरुष यांना शेजारी शेजारी ठेवून पाहता येते. असे करताना उपहासाचा मोह आवरणे आवश्यक आहे, हेही आरंभीच नमूद करतो. लोकांच्या प्रेमाला हसणे सोपे असते, पण त्यातून समजत काहीच नाही.

प्रथम त्या प्रेमाचा विचार करू. लफाएट रोनाल्ड हबर्ड यांचा जन्म १३ मार्च १९११ रोजी अमेरिकेतील नेब्रास्का राज्यातील टिल्डन या गावी झाला. वडील आरमारात असल्यामुळे त्यांचे बालपण अनेक ठिकाणी गेले. मोंटाना राज्यात ते वाढले, आणि पौगंडावस्थेत ग्वाम बेट व चीन येथपर्यंत त्यांचा प्रवास झाला. जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठात दोन वर्षे काढून पदवी न घेताच ते बाहेर पडले व स्वस्त मासिकांतून साहसकथा व विज्ञानकथा लिहून नावारूपास आले. मे १९५० मध्ये त्यांचा 'डायनेटिक्स' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. मागील आघातांच्या दडलेल्या स्मृती मनुष्याला पीडा देतात, आणि प्रशिक्षित व्यक्तीसमोर बसून त्या एकेक उलगडल्यास मन मुक्त होते, असा त्याचा थोडक्यात आशय. युद्धाने थकलेल्या व मानसोपचाराचा खर्च न पेलणाऱ्या हजारो लोकांनी त्या ग्रंथाचे उत्साहाने स्वागत केले. पुढे आत्म्याच्या पूर्वजन्मांचा विचार त्यास जोडला गेला. डिसेंबर १९५३ मध्ये न्यू जर्सीत व फेब्रुवारी १९५४ मध्ये लॉस एंजलिसमध्ये 'चर्च' म्हणून नोंदणी झाली. १९५९ साली हबर्ड यांनी इंग्लंडातील ईस्ट ग्रिन्स्टेडजवळची 'सेंट हिल' ही हवेली विकत घेतली. ती त्यापूर्वी जयपूरच्या महाराजांच्या मालकीची होती. १९६७ पासून काही वर्षे त्यांनी जहाजांवर राहून पंथ चालवला.

या पुरुषाभोवती माणसे का गोळा झाली, याचे उत्तर केवळ 'फसवणूक' या एका शब्दात देणारे टीकाकार आम्हांस अपुरे वाटतात. हबर्ड यांच्या बोलण्यात विनोद होता, आत्मविश्वास होता, आणि समोरच्या सामान्य मनुष्याला 'तू सामान्य नाहीस' असे सांगण्याचे सामर्थ्य होते. त्यांची शेकडो व्याख्याने ध्वनिमुद्रित आहेत. ती ऐकणाऱ्यांना ते घरातल्या वडील माणसासारखे वाटत. अनुयायी त्यांना आडनावाने नव्हे तर 'रॉन' असे संबोधत, आणि आजही संबोधतात. पंथ सोडून गेलेल्यांपैकीही अनेकजण त्यांच्याविषयी जिव्हाळ्याने बोलतात. १९८०च्या दशकाच्या आरंभी संस्थेबाहेर पडून स्वतंत्रपणे त्यांच्या पद्धती आचरणारे 'फ्री झोन' नावाचे गट निर्माण झाले. त्यांनी संस्था सोडली, संस्थापकाला सोडले नाही. तेव्हा प्रेम खरे होते, हे गृहीत धरूनच पुढे गेले पाहिजे. आमचा प्रश्न असा की, त्या प्रेमाला त्याच्या मृत्यूनंतर कोणते वळण दिले गेले?

फेब्रुवारी १९८० पासून हबर्ड अज्ञातवासात होते. अगदी मोजके सेवक सोडले तर त्यांचे दर्शन कोणासही घडत नव्हते. २४ जानेवारी १९८६ रोजी कॅलिफोर्नियातील क्रेस्टन या गावाजवळच्या एका रँचवर पक्षाघाताच्या विकाराने त्यांचे निधन झाले. देहाचे दहन होऊन रक्षा पॅसिफिक महासागरात विसर्जित करण्यात आली. तीन दिवसांनी, २७ जानेवारीस, हॉलीवूडमधील पॅलेडियम सभागृहात अनुयायांचा मोठा समुदाय जमवण्यात आला. त्या वेळी अवघ्या पंचविशीत असलेले डेव्हिड मिस्कॅव्हिज यांनी व्यासपीठावरून जे सांगितले त्याचा सारांश असा : रॉन यांनी चौऱ्याहत्तर वर्षे, दहा महिने व अकरा दिवस वापरलेला देह स्वेच्छेने टाकून दिला आहे; पुढच्या संशोधनाला तो देह अडथळा होऊ लागला होता; आणि हा त्यांचा पराभव नसून त्यांच्या कार्याची परिसीमा आहे. सभेने उभे राहून टाळ्यांचा गजर केला.

या प्रसंगाचे महत्त्व आमच्या मते पंथाच्या कोणत्याही गूढ सिद्धांताहून अधिक आहे. आत्मा देहाहून भिन्न आहे आणि देहामागून देह घेतो, ही श्रद्धा सायंटॉलॉजीत पहिल्यापासून होती. तिच्यानुसार मृत्यूचा अर्थ लावला जाणे यात नवल नाही. अनेक धर्म मृत्यूला प्रयाण म्हणतात. नवल आहे ते वेगळ्याच गोष्टीचे. जमलेल्यांना आजाराविषयी सांगितले गेले नाही. अखेरच्या वर्षांतील एकांत, वार्धक्य, शरीराची हतबलता यांपैकी काहीही त्यांच्या वाट्यास आले नाही. ज्याच्यावर त्यांनी तीस-पस्तीस वर्षे प्रेम केले तो वृद्ध होऊन, आजारी पडून वारला, हे मोठ्याने म्हणण्याची व त्यासाठी रडण्याची संधी त्यांना त्या सायंकाळी मिळाली नाही. दुःखाची जागा टाळ्यांनी घेतली. ज्या समाजाला आपल्या मृतासाठी रडू दिले जात नाही, त्याला तो मृत आहे हे पुढेही कधी नीट उमगत नाही.

याची साक्ष पंथाच्या वास्तूंमध्येच मिळते. सायंटॉलॉजीच्या प्रत्येक मुख्य शाखेत हबर्ड यांच्यासाठी एक कार्यालय राखलेले असते. टेबल, खुर्ची, लेखनसाहित्य, सर्व जागच्या जागी. ते कधीही येऊन कामास बसतील, अशी मांडणी. कॅलिफोर्नियातील गिलमन हॉट स्प्रिंग्ज येथील पंथाच्या तळावर त्यांच्यासाठीचे 'बॉनी व्ह्यू' हे घर त्यांच्या मृत्यूनंतर नव्याने बांधले गेले. त्यांचे लेखन पोलादी पत्र्यांवर कोरून, टायटॅनियमच्या पेट्यांत घालून, भूमिगत तळघरांत ठेवले आहे. न्यू मेक्सिको राज्यातील ट्रेमेंटिना येथील तळघर त्यांपैकी प्रसिद्ध आहे. १३ मार्च हा त्यांचा जन्मदिवस दरवर्षी थाटाने साजरा होतो, आणि त्यानिमित्त शाखाशाखांत वाढीच्या आकड्यांची स्पर्धा लावली जाते. जिचे आकडे मोठे तिची भेट मोठी. सभेच्या शेवटी त्यांच्या छायाचित्राकडे वळून जयजयकार होतो.

मृताची वस्तू जपणे ही मनुष्यमात्राची प्रवृत्ती आहे. चष्मा, काठी, हस्ताक्षर आपणही जपतो. परंतु जपलेली वस्तू आणि राखून ठेवलेली जागा यांत भेद आहे. जपलेला चष्मा सांगतो की, तो घालणारा गेला. राखून ठेवलेली खुर्ची सांगते की, तो गेलेला नाही. आणि जो गेलेला नाही, तरीही बोलत नाही, त्याच्या वतीने कोणीतरी बोलावेच लागते. समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबर यांनी वलयांकित नेत्याच्या पश्चात त्याचा अधिकार नित्याच्या व्यवस्थेत कसा रूपांतरित होतो, याचे विवेचन केले आहे. ज्या 'करिष्मा' या शब्दाभोवती ते विवेचन उभे आहे, तो त्यांनी रूडॉल्फ सोम या चर्चविधीच्या इतिहासकाराकडून घेतला, आणि सोम यांनी तो पौलाच्या पत्रांतून घेतला होता. पौलाच्या लेखी तो शब्द कृपादानवाचक आहे. दान एकाला दिलेले असते, पण सर्वांच्या उपयोगासाठी असते. ते कोणाची मालमत्ता होत नाही. पॅलेडियमनंतर घडले ते याच्या उलट. आरंभी वारसदारांमध्ये अग्रणी भासणारे पॅट ब्रोकर अल्पावधीत बाजूस सारले गेले आणि १९८७ साली पंथाच्या चिन्हांचे व ग्रंथांचे स्वामित्व सांभाळणाऱ्या संस्थेचे अध्यक्षपद मिस्कॅव्हिज यांच्याकडे आले. रिकाम्या खुर्चीवर कोणी बसले नाही. परंतु तिच्या नावाने आज्ञा सुटत राहिल्या. संस्थापक जिवंत असता तर त्याला प्रश्न तरी विचारता आला असता.

आता चरित्राकडे वळू. हबर्ड यांच्या हयातीतच त्यांचे एक अधिकृत चरित्र सिद्ध करण्याचे ठरले होते. गेराल्ड आर्मस्ट्राँग हे त्यांचे निष्ठावंत अनुयायी १९८० साली त्यासाठी कागदपत्रे गोळा करू लागले. विरोधकांची तोंडे बंद व्हावीत, हा त्यांचा उद्देश होता. संशयाने नव्हे तर भक्तीने त्यांनी ते काम मागून घेतले होते. परंतु जसजसे खोके उघडले गेले तसतसे कागद आणि कथा यांत अंतर पडू लागले. हबर्ड स्वतःला महायुद्धात अपंग व अंध होऊन नंतर आपल्याच पद्धतीने बरे झालेले सांगत. आरमाराच्या दप्तरात तशा जखमांचा आधार नव्हता, अल्सरसारख्या विकारांची नोंद होती. अणुविज्ञानाच्या ज्ञानाचा दावा होता, पदवी नव्हती. ही विसंगती दूर करावी, निदान खोटे छापू नये, असे आर्मस्ट्राँग यांनी वरिष्ठांना सुचवले. परिणामी १९८१ च्या अखेरीस ते पंथाबाहेर पडले आणि पुढील वर्षी कागदपत्रांवरून त्यांच्यावर खटला भरण्यात आला. जून १९८४ मध्ये लॉस एंजलिसच्या न्यायालयात न्यायाधीश पॉल ब्रेकनरिज यांनी आर्मस्ट्राँग यांच्या बाजूने निकाल दिला. त्यात हबर्ड यांच्या स्वतःच्या पूर्वायुष्याविषयीच्या असत्यकथनाची सवय जवळजवळ विकाराच्या पातळीस पोचलेली असल्याचा अभिप्राय होता. मात्र त्याच निकालात माणसांना प्रेरित करण्याची, संघटित करण्याची व भारून टाकण्याची त्यांची असामान्य शक्तीही नमूद करण्यात आली. न्यायाधीशाने दोन्ही बाजू एकाच कागदावर लिहिल्या. पंथाच्या चरित्रकारांस ते आजवर जमले नाही.

पंथाच्या बाजूने या आक्षेपांस उत्तरे दिली जातात. आरमाराचे दप्तर विश्वसनीय नाही, कारण हबर्ड गुप्त कामगिरीवर असल्यामुळे त्यांचे खरे कागद वेगळे होते, असे एक उत्तर आहे. असे उत्तर कोणत्याही पुराव्याला लागू पडू शकते, म्हणूनच ते काहीही सिद्ध करीत नाही. दुसरे उत्तर मात्र विचारार्ह आहे आणि ते पंथाबाहेरील धर्माभ्यासकांनी पुढे आणलेले आहे. डॅनिश अभ्यासिका डॉर्थे रेफस्लुंड क्रिस्टेन्सेन यांनी दाखवले आहे की, हबर्ड यांच्या अधिकृत चरित्रकथा इतिहास म्हणून नव्हे तर भक्तिचरित्र म्हणून वाचाव्यात. त्यांतील प्रत्येक प्रसंग संस्थापकाचा अधिकार सिद्ध करण्यासाठी रचलेला असतो. हे निरीक्षण आम्हांस पटते. भक्तिचरित्राचे स्वतःचे नियम असतात, आणि संतांच्या चरित्रांतील प्रत्येक तपशील आपणही दप्तराशी ताडून पाहात नाही. परंतु येथे एक भेद विसरता येत नाही. येथे उपचारपद्धती खरी असल्याचा पुरावा म्हणूनच चरित्र पुढे केले जाते. हबर्ड आपल्या पद्धतीने बरे झाले, म्हणून ती पद्धती इतरांनी पैसे देऊन घ्यावी, असा तो युक्तिवाद आहे. जे चरित्र पुरावा म्हणून मांडले जाते त्याला पुराव्याचे नियम लागू होणारच.

चरित्रात काय सांगितले यापेक्षा काय गाळले, हे अनेकदा अधिक बोलके असते. हबर्ड यांचे तीन विवाह झाले. दुसरा १९४६ साली सारा नॉर्थ्रप यांच्याशी झाला, तोही पहिल्या पत्नीशी घटस्फोट होण्यापूर्वी. 'डायनेटिक्स' प्रसिद्ध झाला तेव्हा त्याच त्यांच्या पत्नी होत्या. तरीही १९६८ सालच्या एका इंग्रज दूरचित्रवाणी मुलाखतीत हबर्ड यांनी आपणांस दुसरी पत्नी नव्हतीच असे सांगितले. तिसऱ्या पत्नी मेरी स्यू यांनी पंथाची प्रशासकीय धुरा अनेक वर्षे वाहिली. शासकीय कचेऱ्यांतून कागद चोरण्याची जी मोहीम पंथाने चालवली, तिच्याबद्दल १९७९ साली नऊ जण दोषी ठरले. त्यांत मेरी स्यू होत्या आणि १९८३ साली त्या तुरुंगात गेल्या. हबर्ड यांच्यावर आरोप ठेवला गेला नाही. सरकारी पक्षाने त्यांचा उल्लेख आरोप न ठेवलेले सहकटवाले म्हणून केला. ज्या स्त्रीने पतीच्या संस्थेसाठी शिक्षा भोगली, तिला या स्मरणात फारसे स्थान नाही. ज्या मार्गाने दोष पुसले जातात त्याच मार्गाने माणसेही पुसली जातात, हे स्मरणिका लिहिणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

हेच ऋणाविषयी म्हणता येईल. आरंभीच्या काळात हबर्ड फ्रॉइडसारख्या पूर्वसूरींचे ऋण मान्य करीत. वेद व बौद्ध परंपरा यांच्याशीही ते आपले नाते जोडीत. पुढे तर 'हिम ऑफ एशिया' या १९७४ साली प्रसिद्ध झालेल्या दीर्घ काव्यात त्यांनी आपण भावी बुद्ध मैत्रेय आहोत काय, असा प्रश्न सूचकपणे उभा केला. उपचाराच्या बैठकीत वापरले जाणारे 'ई-मीटर' हे उपकरण मूळचे व्होल्नी मॅथिसन यांचे. तथापि ७ फेब्रुवारी १९६५ च्या आज्ञापत्रकात हबर्ड यांनी असे ठरवून टाकले की, हे शास्त्र समूहाने निर्माण केलेले नाही, इतरांच्या सूचनांतून टिकाऊ असे फारच थोडे निघाले, व यापुढे मूळ पद्धतीत फेरफार करू पाहणाऱ्यांना थारा नाही. ते पत्रक आजही अभ्यासक्रमांच्या अग्रभागी असते. पंथाच्या परिभाषेत हबर्ड यांना 'उगम' म्हटले जाते. उगम म्हटला की त्याला वरचा प्रवाह उरत नाही, आणि खालच्यांना भर घालण्याचा अधिकार राहत नाही. ज्या मनुष्याने आयुष्यभर इतरांचे वाचले, घेतले, बदलले, त्याच्या अनुयायांना मात्र तसे करण्याची बंदी झाली. आमच्या मते त्याच्या खऱ्या देणगीवर याहून मोठा अन्याय नाही.

विरोधकांनी लिहिलेल्या चरित्रांचीही चिकित्सा केली पाहिजे. हबर्ड यांच्या निधनानंतर पुढच्याच वर्षी, १९८७ साली, त्यांच्यावर दोन टीकात्मक चरित्रे निघाली. रसेल मिलर यांचे चरित्र कागदपत्रांवर उभे असल्याने आजही उपयुक्त आहे. त्याच्या विरोधात पंथाशी संबंधित प्रकाशनसंस्था न्यायालयात गेली होती. बेंट कॉरिडन यांच्या ग्रंथाच्या नावातच 'मसीहा की वेडा?' असा प्रश्न आहे. वाचकाला या दोहोंतून एक निवडावयास सांगणे, ही आम्हांस मूळ दोषाचीच उलटी बाजू वाटते. भक्ताच्या चित्रात डाग नाही व शत्रूच्या चित्रात डागाखेरीज काही नाही; दोन्ही चित्रांत मनुष्य नाही. २०११ साली ह्यू अर्बन यांनी लिहिलेला सायंटॉलॉजीचा इतिहास किंवा त्यापूर्वी १९७६ साली रॉय वॉलिस यांनी केलेला समाजशास्त्रीय अभ्यास वाचताना समाधान वाटते ते यासाठी की, तेथे गुणांनी दोष झाकलेले नाहीत व दोषांनी गुण पुसलेले नाहीत.

मग प्रिय नेत्याचे स्मरण कसे असावे? पवित्र शास्त्रात याचा एक नमुना आपल्यासमोर आहे. अनुवादाच्या शेवटच्या अध्यायात मोशेचा मृत्यू सांगितला आहे. तेथे मोशे मेला, असे स्पष्ट म्हटले आहे. त्याची दृष्टी मंद झाली नव्हती व शक्ती ओसरली नव्हती, तरीही तो मेला. लोकांनी मवाबाच्या मैदानात तीस दिवस शोक केला, आणि शोकाचे दिवस संपलेही. त्याचा अपराध लपवलेला नाही. वचनदत्त देश त्याने दुरून पाहिला, त्यात पाऊल ठेवले नाही. त्याची कबर कोणास ठाऊक नाही, म्हणजे त्याच्या नावाने खुर्ची राखण्यास जागाच ठेवलेली नाही. आणि इतके सर्व सांगितल्यावर मग त्याच्यासारखा संदेष्टा पुन्हा झाला नाही, ही थोरवी गायिली आहे. थोरवी शेवटी येते, आणि सत्याच्या पायावर येते. हाच क्रम पुढेही दिसतो. पेत्राच्या नाकाराची हकीकत चारही शुभवर्तमानांत आहे. ज्या मंडळीने त्याला अग्रस्थान दिले तिनेच ती जपली.

मराठी ख्रिस्ती वाङ्मयात या कसोटीस उतरणारा ग्रंथ शोधावयास दूर जावे लागत नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळक हेही माणसांना भारून टाकणारे नेते होते. १९१७ साली मिशनची चाकरी सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' स्थापला, व १९१९ साली ते निवर्तले. त्यांच्याविषयी गौरवपर लिहिणारे थोडे नव्हते. परंतु टिळक आज आपल्याला जिवंत भासतात ते लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे'मुळे, जी १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत प्रसिद्ध झाली. त्यात टिळकांचा तापटपणा आहे, न सांगता घर सोडून जाणे आहे, संसाराची विवंचना न करता हातचे देऊन टाकणे आहे, आणि त्यामुळे पत्नीने काय सोसले तेही आहे. हे सर्व वाचूनही टिळकांविषयीचा आदर तिळभर कमी होत नाही. उलट त्यांच्या ठायी जे थोर होते ते अधिक थोर वाटते, कारण ते कोणत्या मातीतून उगवले हे आपण पाहिलेले असते. शिवाय टिळकांनी अपुरे सोडलेले 'ख्रिस्तायन' लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले. टिळकांच्या पश्चात इतर कोणी भर घालूच नये, असा दंडक असता तर ते घडले नसते. हबर्ड यांना अशी चरित्रकार लाभू शकली असती का, असा विचार आमच्या मनात येतो. त्यांच्याजवळ राहिलेल्या, त्यांच्यावर प्रेम केलेल्या आणि तरीही डोळे उघडे ठेवलेल्या व्यक्ती होत्याच. आर्मस्ट्राँग त्यांपैकी एक. पंथाने त्यांना चरित्रकार होऊ दिले नाही, प्रतिवादी केले.

हे सर्व दुसऱ्यांचे दोष म्हणून वाचून बाजूस ठेवावे, असे आम्हांस वाटत नाही. ख्रिस्ती चरित्रवाङ्मयही या व्याधीपासून मुक्त नाही. मिशनऱ्यांच्या, धर्मगुरूंच्या आणि संस्थांच्या संस्थापकांच्या कित्येक चरित्रांत नायक कधी चुकत नाही, त्याची पत्नी व सहकारी यांना नाव नसते, आणि त्याच्या मृत्यूनंतर 'संस्थापकांची हीच इच्छा होती' या एका वाक्याने सर्व चर्चा मिटवली जाते. आपल्या धर्मगुरूंना व धर्मशिक्षकांना अंत्यविधीत चार शब्द बोलावे लागतात, स्मरणिकांसाठी लेख लिहावे लागतात, रौप्यमहोत्सवात संस्थापकाची ओळख नव्या पिढीस करून द्यावी लागते. त्या वेळी तीन प्रश्न स्वतःस विचारावेत, असे आम्ही सुचवतो. पहिला : हा मनुष्य वारला, हे आम्ही लोकांना सांगितले का, आणि त्यांना रडावयास अवसर दिला का? दुसरा : त्याच्याजवळ राहिलेला व त्याच्यामुळे दुखावलेला एखादा श्रोता या सभेत बसला असेल, तर आमचे बोलणे ऐकून त्याला आपण खोटे ठरलो असे वाटेल का? तिसरा : ज्यांच्याकडून त्याने घेतले व ज्यांनी त्याचे ओझे वाहिले, त्यांची नावे आम्ही घेतली का?

यांपैकी दुसरा प्रश्न पाळणे सर्वांत कठीण आहे, हे आम्ही जाणतो. मृताच्या घरी त्याचे दोष उगाळावेत, असे कोणी सुज्ञ म्हणणार नाही. अंत्यविधी ही चौकशीची जागा नव्हे. परंतु दोष न सांगणे वेगळे आणि दोष नव्हतेच असे सांगणे वेगळे. पहिले सौजन्य आहे. दुसऱ्याची किंमत पुढील पिढी मोजते, कारण संस्थापक कधी चुकला नाही असे एकदा ठरले म्हणजे त्याच्या नावाने बोलणाराही चुकत नाही असे आपोआप ठरते. हबर्ड यांच्या अनुयायांपैकी ज्यांनी त्यांच्यावर खरोखर प्रेम केले, त्यांच्या हाती आज मजबूत तिजोऱ्या आहेत, सुशोभित कार्यालये आहेत, पोलादावर कोरलेली अक्षरे आहेत. ज्याच्या आवाजाने त्यांना धीर दिला तो थकलेला, चुकलेला, अखेरीस एका रँचवर आजारी पडून वारलेला वृद्ध मात्र त्यांना कधी भेटवला गेला नाही. त्या वृद्धासाठी शोक करण्याचा त्यांचा हक्क होता. आपल्या मंडळ्यांतील माणसांचा तो हक्क आपल्या हातून हिरावला जाऊ नये, एवढी दक्षता आपण घेऊ शकतो.